वैशाखातले पाणी

वैशाखाच्या उत्तरार्धात सह्याद्रीतील एखाद्या विस्तीर्ण जलाशयात जो सायंकाळी उतरला असेल, त्याला मी कोणत्या उबेविषयी बोलत आहे हे विशद करावे लागणार नाही. दिवसभर निरभ्र आकाशाखाली तापलेले वरचे हात-दोन हात पाणी असे कोमट झालेले असते की त्यात शिरताना अंग शहारत नाही, आणि तरीही पोहता पोहता पाय जरा खाली सोडले की घोट्यांना हिवाळा झोंबतो. उष्ण पाणी हलके म्हणून वर राहते व शीत पाणी जड म्हणून तळाशी पडून असते, हे मी शाळेत पुढे शिकलो. पण भंडारदऱ्याच्या जलाशयात, पाठीला वाळका भोपळा बांधून आणि वडिलांच्या तळहातावर पोट टेकवून, ते माझ्या पायांना आधीच कळले होते.

वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. मुक्कामाचा परवाना हाती आला की संगमनेर, अकोले, राजूर असा एस.टी.चा मजल-दरमजल प्रवास करून आम्ही शेंडीला उतरत असू, आणि ट्रंका, वळकट्या व पितळी डबे यांच्यासह सरकारी बंगल्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार थाटला जाई. वास्तू सरकारची, भांडीकुंडी जिंदगी-यादीत नोंदलेली, आणि निघताना चौकीदार ती यादीबरहुकूम मोजून घेणार. तरीही ज्या मोकळेपणाने आई तेथे वावरे, तो मोकळेपणा स्वतःच्या घरात तिच्या वाट्याला कधी आलेला मी पाहिला नाही. पहाटे हवा गार असताना पाणी अधिकच ऊबदार भासते, हे हेरून ती सर्वांच्या आधी उठून काठावर जाई, ठाकर आणि महादेव कोळी बायकांच्या घोळक्यात कंठस्नान करी, आणि करवंदांचा द्रोण व कोणाच्या तरी घरची सुखदुःखे घेऊन परते.

वडिलांचे प्रेम आकड्यांतून व्यक्त होई. प्रवरेवरील या धरणाचे काम 1910 साली सुरू झाले, 1926 च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, उंची सुमारे 270 फूट, साठा अकरा अब्ज घनफूट: हे सारे ते अशा भक्तिभावाने सांगत की मला त्या संख्या आजही मुखोद्गत आहेत. मग ते खाली झेपावणाऱ्या नदीकडे बोट दाखवीत. हेच पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते, पाटकऱ्याच्या देखरेखीखाली पाळीपाळीने शेतांत फिरते, लोणीच्या शेतकऱ्यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचा ऊस त्यावरच पोसला जातो, आणि जे उरते ते ज्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशावरून गोदावरीला मिळते. आपण ज्यात डुंबतो ते पाणी मैलोगणती दूरच्या कोणाच्या तरी हक्काचे आहे, हा विचार त्यांनी माझ्या मनात रुजविला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

दुसरा विचार मात्र आईमुळे लाभला. आवर्तने सुटत गेली की मेअखेर पाणी पार खाली उतरे आणि भेगाळलेल्या गाळातून दगडी बांधांच्या रेघा वर येत. आम्हां मुलांना त्या धावण्याच्या शर्यतींसाठी सोयीच्या वाटत. एके सकाळी आईसोबत आलेली एक वृद्धा तेथे थबकली, आणि एका रेघेकडे हात करून म्हणाली, “बाई, ही आमची खाचरं. हितं भात व्हायाचा.” आई काही बोलली नाही, तिने आम्हांला त्या बांधांवरून हाक मारून खाली उतरविले. दुपारी तिने वडिलांना त्याविषयी विचारले, तेव्हा “बुडीत क्षेत्र” एवढेच खात्यातले शब्द उच्चारून ते बराच वेळ कठड्यापाशी उभे राहिले. ज्या खात्यावर त्यांनी आयुष्यभर निष्ठा ठेवली, त्याच्या दफ्तरात त्या भाताची नोंद कोणत्या सदराखाली झाली असेल, हे कदाचित ते आठवीत असावेत.

पुढे शिक्षण, मुंबईची नोकरी, विवाह. मधली वर्षे सांगण्याजोगी नाहीत. मुले झाल्यावर पुन्हा जाऊ लागलो आणि आता नातीला घेऊन जातो. हिरड्या-बेहड्यांवर, सादड्यांवर पावसाच्या तोंडाशी लक्षावधी काजवे लखलखतात, ते पाहण्यास हल्ली अलोट गर्दी लोटते, काठाने तंबू उभे राहतात, मोटारींचे दिवे रात्रभर झाडांवर फिरत असतात. नर काजव्याची लकाकी ही मादीला घातलेली साद आहे, आणि आपल्या प्रकाशझोताने ती साद निष्फळ होते. एवढे तरी जाणून माणसांनी दिवे मालवावेत, असे मला तळमळीने वाटते.

गेल्या खेपेस रतनवाडीच्या अमृतेश्वराला होडीने जाताना नातीने उघड्या पडलेल्या बांधांविषयी विचारले, आणि मी तिला त्या वृद्धेचे बोलणे सांगितले. “मग ती माणसं कुठे गेली?” या तिच्या प्रश्नाला माझ्याआधी होडीवाल्यानेच उत्तर दिले. “आमी कुटं जाणार? पाणी चढलं तसं वर सरकत गेलो.” वल्हे थांबवून त्याने डोंगराच्या उतारावरची त्याची वाडी दाखविली, आणि मे महिन्यात तेथल्या बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी रात्र काढतात हेही सांगितले. माझे वडील पाटबंधाऱ्यात होते हे ऐकताच तो जरा पुढे सरकून बसला. “मग बाबा, अर्ज कसा करायचा ते तुमास्नी ठावं असंल.”

मला ठाऊक होते. त्या रात्री व्हरांड्यात कंदिलाच्या उजेडात मी वाडीच्या वतीने मसुदा केला: घरांची संख्या, झऱ्याचे अंतर, जलाशयापासून वाडीपर्यंतचा चढ, आणि प्रारंभीच, ठळक अक्षरांत, अर्जदारांच्या पूर्वजांच्या जमिनी याच पाण्याखाली असल्याचा उल्लेख. सकाळी होडीवाल्याने तो दोनदा वाचवून घेतला, आणि अंगठ्यांसाठी व सह्यांसाठी खाली किती जागा सोडली आहे ते बोटांनी मोजून, आणखी एक कागद मागून घेतला.