विसाच्या आतले गाव

आमच्या शाळेचा पट यंदा अठरा आहे. पट विसाच्या आत गेला, की शिक्षकाच्या पोटात गोळा उठतो. शाळा बंद होणार, अशी कुजबुज पारावर सुरू होते. ती मागे ठेवून मी मे महिन्याच्या सुटीत भाच्याकडे कॅनडात गेलो, तर तिथेही वीस हाच आकडा समोर उभा!

भाचा सस्कॅचेवान प्रांतात रेजायनाला असतो. तिथून नैर्ऋत्येला वुड माउंटन नावाचे खेडे आहे. तिथे जाण्याचा हट्ट मीच धरला. वाटेत तासन् तास नुसते गवत आणि शेते. डोंगर केवळ नावातच. पाहावे तर टेकाडे. २०१६ च्या शिरगणतीत गावात माणसे भरली वीस.

"मामा, इथे काय पाहणार तुम्ही?" भाचा हसला.

मी त्याला गावाजवळचे रिकामे रिंगण दाखवले. इथला रोडिओ १८९० पासूनचा. कॅनडातल्या सर्वांत जुन्या रोडिओंत तो गणला जातो. गुराख्यांना हट्टी घोडे माणसाळवावे लागत. त्या रोजच्या कष्टाचाच पुढे खेळ झाला. उधळत्या घोड्यावर एका हाताने दोर धरून आठ सेकंद टिकायचे. मोकळा हात घोड्याला लागला, की स्वार बाद. निम्मे गुण स्वाराला आणि निम्मे घोड्याला! हा न्याय मला फार आवडला. आमच्याकडेही शर्यतीनंतर गुलालाचा मान बैलांचाच.

पण या गवताला त्याआधीचीही आठवण आहे. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला अमेरिकन फौजेचा पराभव झाला. पुढच्या वर्षी लकोटांचा नायक सिटिंग बुल आपली माणसे घेऊन याच मुलखात आश्रयाला आला. रानगवे संपत आले आणि उपासमार सुरू झाली. १८८१ मध्ये तो परत गेला व शरण आला. काहीजण मात्र इथेच राहिले. त्यांच्या वंशजांची वस्ती आजही शेजारीच आहे. रानगवे गेले, तिथे रँचवाल्यांची गुरे आली. मग नांगर आला, कुंपणे आली. पुढे नांगरणाऱ्यांची मुलेही शहरांकडे गेली.

तरीही जुलैत हे रिंगण भरते. त्या रिकाम्या बाकावर बसल्याबसल्या माझ्या मनात आले, त्यांची शिरगणती मे महिन्यात झाली होती. मोजणाराने जुलैत यायला हवे होते. आणि मी तरी कधी आलो होतो? मे महिन्यातच!

परतल्यावर हजेरीपट उघडला. अठरा नावे. चैत्रातल्या जत्रेला मात्र पुण्या-मुंबईला गेलेले माझे सारे विद्यार्थी देवळापुढे गर्दी करतात. जत्रेने शाळा वाचत नाही, हे मला कळते. पण येत्या जत्रेच्या दिवशी मी शाळेचे कुलूप काढून ठेवणार आहे. कुणी आत डोकावले, तर बसायला बाक पुसलेले असावेत.