मोदक आणि करिंथकरांस पत्र

कलकत्त्यात वाढलेल्या आम्हा मराठी ख्रिस्ती पोरांच्या घरी गणपतीत पवित्र शास्त्र जरा जास्तच उघडले जाई. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आरत्या सुरू झाल्या की मोठ्यांचा वाद ठरलेला: मुलांनी मोदक खावा की नाही? आधार सगळ्यांचा एकच, पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र. बाबा आठवा अध्याय काढत. मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग नैवेद्याने काय बिघडते? नगरहून आलेली आजी दहाव्यावर बोट ठेवी. प्रभूच्या मेजावर बसायचे आणि दुसऱ्याही, हे चालायचे नाही! आई त्याच अध्यायात जरा खाली उतरे. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, असेही पौलच सांगतो. आम्ही तेवढेच पाठ केले.

तोड काढली ती शेजारच्या काकूंनी. पहिल्या घाण्यातले चार-पाच मोदक त्या नैवेद्याआधीच स्टीलच्या डब्यात काढून ठेवत आणि जिन्यातूनच हाक मारत, "हे दाखवलेले नाहीत हं!" देवाच्या आधी कुणी तोंड लावायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत. आमच्या आजीचे मन राखायला त्यांनी ती मोडली. डब्यावर तुपाचे बोट उमटलेले असे. आजीही मग एक घेई.

आजीचे दैवत म्हणजे पंडिता रमाबाई, आणि त्यांचे नाव निघाले की कलकत्ता आलेच. 1878 साली इथल्याच विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. ब्राह्मो नेते केशवचंद्र सेनांनी वेद वाचा म्हणून आग्रह धरला. शास्त्रांत बाईला काय जागा आहे ते त्यांनी स्वतः वाचून पाहिले आणि त्या हिंदू धर्मापासून दुरावल्या. पुढे सिलचरला घरातल्या पुस्तकांत लूकचे शुभवर्तमान बंगालीत हाती लागले. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आजी इथे थांबे. पुढचे आम्ही मोठेपणी वाचले: बाई शाकाहारीच राहिल्या, त्रैक्याच्या मतावरून तिथल्या मठातल्या भगिनींशी वाद घातला, क्रूसावर लॅटिन नको, संस्कृत हवे म्हणाल्या. विलायती चालीरीतही त्यांनी डोळे मिटून घेतली नाही.

आमच्या घरात ते धैर्य नव्हते. नाताळात न्यू मार्केटातल्या नाहूमचा केक येई. दुकान यहुद्यांचे, 1902 पासूनचे. अध्याय कुणी उघडला नाही. दिवाणखान्यात कापूस चिकटवलेले झाड उभे राही, तेही बिनबोभाट. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग टाळावर म्हणायला आजीची हरकत नव्हती, बंगाली ख्रिस्ती 'खोल' नावाचा मृदंग वाजवत कीर्तन करीत तेही ती कौतुकाने ऐके. पण गुढीला मात्र पौल आडवा.

मोठ्यांची श्रद्धा खरी होती, यात शंका नाही. तरी मोदकाला लावलेले माप नाताळच्या झाडाला लावले नाही, हा पक्षपातच होता.