पाणी, कचरा, नाले

आज संध्याकाळी प्रभागातल्या एक उमेदवार ताई दारी आल्या. पत्रकावर तीनच कामं होती: ठरल्या वेळी पाणी, ओल्या-सुक्या कचऱ्याची वेगवेगळी उचल, पावसाळ्याआधी नालेसफाई. मोठमोठी स्वप्नं नव्हती, म्हणूनच भरवसा वाटला. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. तिच्यात नागरी संस्थांसाठी १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, स्वच्छता, पथदिवे त्यांतलेच. म्हणजे हे उपकार नव्हेत, शहराच्या कारभाराचा पाया आहे. पहाटे तीनला नळाची वाट पाहत जागणारी आई आठवली. तिची मोडलेली झोप कुठल्या जाहीरनाम्यात कधी आली नाही. ताईंना म्हटलं, “निवडून आलात, तर पहिल्या पावसात पुन्हा या. नाल्याकाठी आपण दोघी मिळून उभ्या राहू.”