वणीच्या वाटेवरची वाइन

बडोद्यात राहून वाइनच्या सहलीचा बेत आखणे म्हणजे एकादशीच्या दिवशी जेवणावळीची यादी करण्यासारखे आहे. यादी करण्यास कोणाची हरकत नसते, पण ती करताना आवाज मात्र आपोआप खाली येतो. आमच्या राज्यात मद्यबंदी आहे. ती ज्या कायद्याने आली तो मुंबई मद्यनिषेध कायदा १९४९ सालचा, म्हणजे बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले त्याच वर्षीचा. १ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्याची वाटणी झाली तेव्हा घरातली भांडीकुंडी वाटावीत तसा हा कायदाही दोन्ही भावांकडे गेला. एकाने तो देव्हाऱ्यात ठेवला, दुसऱ्याने अडगळीच्या खोलीत. टाकून मात्र कोणीच दिला नाही. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी आजही कागदोपत्री परवाना लागतो, हे तेथे पेला उंचावणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेल्यामुळे अशा तपशिलांत मला जरा अधिक रस वाटतो. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

बेत माझा नव्हे, सौ.चा. आमचे कुलदैवत वणीची सप्तशृंगी. दोन-तीन वर्षांतून एकदा आम्ही सुरत, चिखली, वांसदा, वघई या वाटेने सापुतारा चढतो, हातगड ओलांडून महाराष्ट्रात उतरतो आणि गडावर जातो. पूर्वी पाचशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागत. २०१८पासून रुळांवरून चालणारी ट्रॉली झाल्याने गुडघ्यांची प्रार्थना देवीने ऐकली असे आम्ही समजतो. दर्शन झाले की वणी, दिंडोरी करीत नाशिक आणि तेथून परत. गेल्या खेपेस दिंडोरीच्या पुढे रस्त्याकडेच्या पाट्या वाचता वाचता सौ. म्हणाली, "इतकी वर्षे आपण या बागांमधून जातो आणि आत काय चालते ते एकदाही पाहिले नाही. पुढच्या वेळी एक दिवस जास्त काढू. चाखून पाहू." सदुसष्टाव्या वर्षी माणसाला सहधर्मचारिणीकडून धक्का बसू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

बेत आखायचा तर आधी ऋतू ठरवायला हवा. मी आपला पुस्तकी हिशेबाने सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणत होतो, कारण युरोपात द्राक्षांची तोडणी त्या सुमारास असते. आमचे साडू निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे राहतात आणि जन्मापासून द्राक्षांत आहेत. ते फोनवर मनमुराद हसले. "रावसाहेब, ऑक्टोबरात आलात तर नुसत्या काड्या मोजाल." मग त्यांनी जे समजावले ते मी वहीत उतरवून घेतले. थंड देशातली वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडे तिला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून आपला शेतकरी तिला कात्रीने ऋतू शिकवतो. तोडणी आटोपल्यावर एप्रिलच्या सुमारास एक छाटणी. तिला खरड छाटणी म्हणतात. तिच्यानंतर फुटणाऱ्या काड्यांत उन्हाळाभर पुढच्या घडांचे गर्भ तयार होतात. पावसाळा ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी, गोडी छाटणी. त्यातून घड बाहेर पडतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये ते उतरवले जातात. दोन छाटण्या, पीक एक. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या या पठारावर थंडीत दिवसा ऊन चांगले तापते आणि रात्री पारा दहा अंशांच्याही खाली जातो. दिवसाचे ऊन साखर भरते आणि रात्रीचा गारवा आंबटपणा टिकवतो. वाइनला दोन्ही हवे असतात. गोडी छाटणी हा शब्दच इतका गोड, की तो ऐकूनच माझा निम्मा विरोध मावळला. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा मुक्रर झाला.

कोठे जायचे हे ठरवणे त्या मानाने सोपे. महाराष्ट्रातल्या वाइनची आधुनिक कहाणी नाशिकमध्ये नव्हे, पुणे जिल्ह्यातील नारायणगावी सुरू झाली. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी तेथे फेसाळती वाइन केली आणि ती परदेशी पाठवली. तो कारखाना पुढे बंद पडला. नाशिकला राजीव सामंत अमेरिकेतून परतले, गंगापूर धरणाजवळच्या जमिनीत त्यांनी वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, करात सूट दिली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे केले. गंगापूर-सावरगाव रस्त्यावर आज सुला, यॉर्क, सोमा अशी नावे हाकेच्या अंतरावर सापडतात. आम्ही त्यांतले एक मोठे ठिकाण निवडले आहे, आणि इगतपुरीच्या बाजूचे एक लहान. मोठ्या ठिकाणी गर्दी फार असते म्हणतात. लहान ठिकाणी माणूस बोलायला मिळेल अशी आशा.

खरा प्रश्न साडूंचा होता. त्यांना बरोबर यायला सांगावे की नाही? ते माळकरी. पंढरीची वारी न चुकवणारे. आणि तरीही त्यांनी वाइनची द्राक्षे पिकवली आहेत! २००६ साली धोरणाचा वारा जोरात होता, तेव्हा एका कंपनीशी करार करून त्यांनी दोन एकरांत शिराझ लावली. खाण्याच्या द्राक्षापेक्षा हे मणी लहान, जाड सालीचे, बियांचे. त्यांना टपोरेपणासाठी संजीवकात बुडवावे लागत नाही, विरळणीही फारशी नाही. रसातली साखर मोजायची आणि माल उचलला जायचा. दोन हंगाम ठीक गेले. मग जगभर मंदी आली, २००८च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. २०१०च्या हंगामात साडूंचा माल न्यायला कोणी आले नाही. त्या द्राक्षांचे दुसरे करणार तरी काय? बाजारात कोणी खात नाही, बेदाणा धड होत नाही. घड वेलीवरच सुकले आणि एप्रिलमध्ये खरड छाटणीऐवजी त्यांनी वेली मुळासकट काढल्या. आज तेथे पुन्हा थॉम्पसन आहे. ज्या फळाची वाइन त्यांनी कधी चाखली नाही, त्याच्यापायी घेतलेले कर्ज त्यांनी सहा वर्षे फेडले. जानेवारी २०२२मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय झाला, त्यावर वादळ उठले आणि तो अमलात आला नाही, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे यावर सारे राज्य बोलत होते. साडूंना विचारले तर म्हणाले, "ती काय आहे ते मला ठाऊक नाही. माझ्यापुरते ते पीक होते."

आता माझ्या बाजूचे सांगितले पाहिजे, कारण सौ.चा बेत मी लगेच मानला नाही तो सोवळेपणामुळे नव्हे. १९८९च्या मार्चमध्ये आमच्या शहरात विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. मी तेव्हा तिशीत होतो, नायब मामलतदार. सरकारी रुग्णालयाच्या आवारात टेबल टाकून याद्या करण्याचे काम माझ्याकडे आले: नाव, वय, राहण्याचे ठिकाण, वारस. तिच्यात मिथेनॉल असते. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते सर्वांत आधी डोळ्यांच्या नसेवर जाते. खाटेवरची माणसे ओरडत नव्हती. दिवसाउजेडी "दिवा लावा" म्हणत होती. बहुतेक हातगाडीवाले, मजूर, रंगारी. वारसाच्या रकान्यापुढे बायकांचे अंगठे उठवून घेताना शाईची पेटी मी स्वतः धरली होती. आरोग्याच्या परवान्यावर रीतसर बाटली मिळवणाऱ्यांपैकी एकही नाव त्या यादीत नव्हते. बंदी चूक की बरोबर, हे मी त्या दिवसापासून एका वाक्यात सांगू शकलेलो नाही. सौ.ला हे सारे माहीत आहे. त्या आठवड्यात रात्री उशिरा घरी आल्यावर पाणी तीच तापवून देत असे. ती म्हणाली, "त्यांना काय पाजले ते त्यांना कोणी सांगितले नाही. इथे प्रत्येक बाटलीवर लिहिलेले असते. मला ते वाचून घोटभर घ्यायचे आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

शिवाय तिने द्राक्षासवाचा मुद्दा काढला. बाळंतिणीपासून वृद्धापर्यंत सगळ्यांना आमच्या घरी द्राक्षासव दिले गेले. मनुकांच्या काढ्यात गूळ आणि धायटीची फुले घालून तो आंबवतात आणि त्यात मद्यार्क आपोआप तयार होतो. वाइनमध्ये तो बारा-तेरा टक्के, आसवात त्याहून कमी, भेद प्रमाणाचा. बडोद्यात ते औषधांच्या दुकानात उघड मिळते. "म्हणजे मी चाळीस वर्षे चाखतेच आहे," असे म्हणून ती पोळ्या लाटू लागली.

चाखण्याची रीत मात्र मला मनापासून आवडली. पेल्यात तीन-चार घोटच ओतायचे, उजेडात रंग पाहायचा, पेला फिरवून वास घ्यायचा, मग तोंडात घोळवायचे आणि वाटल्यास जवळच्या भांड्यात थुंकायचे. आचमनाची सवय असलेल्या पिढीला यात अवघड काय आहे? काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढराच असतो. रंग आणि तुरटपणा सालीत. म्हणून तांबडी वाइन सालींसकट आंबवतात, पांढरी साली काढून. चाखण्याचा क्रम पांढरीकडून तांबडीकडे, हलक्याकडून जडाकडे, आपल्या पानातल्या क्रमाच्या जवळपास.

एकूण आराखडा असा झाला आहे. पहिल्या दिवशी पहाटे निघून सापुताऱ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी गड. देवी आधी, यावर दोघांचेही एकमत. संध्याकाळी साडूंकडे. तिसऱ्या दिवशी गंगापूर, चौथ्या दिवशी इगतपुरी आणि परत. गाडी चालवायला चालक घेतला आहे, तो चाखणार नाही. बाटली एकही विकत घ्यायची नाही, कारण सापुताऱ्याच्या नाक्यावर निवृत्त अधिकाऱ्याची झडती व्हावी ही माझी इच्छा नाही. येताना पिंपळगावचे बेदाणे आणि हातगडची स्ट्रॉबेरी.

साडूंना अखेर मीच विचारले. ते येणार आहेत. दारापाशी झाडाखाली बसेन, आत तुम्ही दोघे जा, असे म्हणाले. थोडे थांबून पुढे म्हणाले, "शिराझची आली समोर, तर नीट चाखा आणि बाहेर येऊन मला सांगा कशी लागते ती." तेव्हापासून मी शब्द जमवतो आहे. जांभळाची साल चघळल्यावर राहतो तसा तुरटपणा, कोकमाचा आंबटपणा, मिरीचा चटका. शिराझला मिरीचा वास असतो असे वाचले आहे. साडूंना ते पटेल की नाही, सांगता येत नाही.