डाव्या पायाची कामं

मोटरसायकलवर डावा पाय किती कामं करतो, हे दोन्ही पाय होते तोवर कधी मनातही आलं नव्हतं. गिअर टाकतो, एवढं कुणीही सांगेल. पण गाडीवर बसताना सगळं वजन त्याच्यावर घेऊनच आपण उजवा पाय पलीकडे टाकतो. साइड स्टँड तोच पाडतो, तोच उचलतो. गाडी थांबली की उजवा पाय ब्रेकवर राहतो आणि जमिनीला टेकतो तो डावा. अपघातानंतर माझा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, आणि ही सगळी कामं एकेक करून समोर येऊन उभी राहिली. कुठलं आधी सोडवायचं, हेच कळेना.

मी कृषी सहाय्यक आहे. पन्हाळा तालुक्यातली काही गावं माझ्याकडे आहेत. पंचनामे, प्रात्यक्षिकाचे प्लॉट, शेतीशाळा हे सगळं बांधावर जाऊनच करावं लागतं. एसटी सोडते तिथून पुढे पाणंद सुरू होते. ऑफिसातलं टेबलाचं काम मागितलं असतं तर कदाचित मिळालंही असतं. मला ते नको होतं.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, गिअर नसलेली स्कूटर घे आणि मागे दोन चाकं लावून घे. आमच्या गल्लीतल्या काकांचे दोन्ही पाय पोलिओने गेलेत. गेली कित्येक वर्षं ते अशाच गाडीवर साऱ्या कोल्हापुरात फिरतात. त्यांनी मला ती मैदानावर चालवायला दिली, आणि पहिल्याच वळणावर मी गांगरले. दोन चाकांची गाडी वळणाच्या बाजूला कलते आणि आपणही तिच्याबरोबर कलतो. ही कलतच नाही. हँडल वळवावं लागतं आणि अंग बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. थोडा वेग असला की मोटरसायकलला डावीकडे न्यायला आपण नकळत डावं हँडल पुढे दाबतो. तीच सवय इथे गाडीला उलट उजवीकडे नेते. काका शांतपणे म्हणाले, "जुनं विसर, मग जमेल." मला ते जमलंही असतं. पण पाणंदीचं काय? ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमध्ये मधला उंचवटा राहतो. बाजूची चाकं उंच भागावर चढली की मधलं, इंजिनाचा जोर असलेलं चाक अधांतरी फिरत राहतं. काकांनाही हे ठाऊक होतं. त्यांचा रस्ता डांबरी आहे, माझा नाही.

म्हणून मी उद्यमनगरात गेले. लेथ आणि वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप चालवणारे एक मामा आहेत. त्यांनी आधी माझा पाय नीट बघितला, मग गाडी. "ताई, हातात गिअर देऊया की. टाकीशेजारी दांडा काढतो. काय अवघड न्हाई." मी डावा हात पुढे केला आणि विचारलं, "मग क्लच कुठल्या हातानं दाबू?" मामा गप्प झाले. डावा हात क्लचला, उजवा ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकला, उजवा पाय मागच्या ब्रेकला. चौघांत वाटलेलं काम तिघांत वाटायचं होतं, आणि तिघांपैकी रिकामं कुणीच नव्हतं.

उत्तर निघालं ते माझ्याच जुन्या गाडीतून. या शंभर सीसीच्या गाडीचे चारही गिअर पंजाने पुढे दाबून पडतात, आणि टाचेने मागे दाबलं की उतरतात. दांड्याखाली पंजा घालून तो वर उचलायचा प्रश्नच येत नाही. माझा पाय जयपूर फूट आहे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो घडवला, अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसांसाठी. भाताच्या खाचरात तो माझी उत्तम साथ करतो. त्याचा रबरी पंजा थोडा वाकतो, पण मी सांगितलं म्हणून वाकत नाही. दाबायचं काम मात्र मला गुडघ्यातून करता येतं.

मग मामांनी दांडा खोलला. गिअरच्या शाफ्टवर बारीक दाते असतात, दांडा त्यांवर बसवून बोल्ट आवळायचा असतो. एक दाता मागेपुढे केला तरी दांड्याची उंची बदलते. कुठल्या दात्यावर पाय बरोबर बसतो, हे ठरवायलाच बराच वेळ गेला. टाचेकडची बाजू त्यांनी लांबवली आणि दोन्ही टोकांना रुंद पट्ट्या वेल्ड करून त्यांवर रबर चढवलं. फूटरेस्टच्या बाहेरच्या कडेला एक उभी पट्टी लावली, कारण इंजिनाच्या थरथरीने बूट हळूहळू बाहेर सरकतो आणि मला ते कळतच नाही. मी म्हटलं, पट्ट्याने बांधूनच टाका ना. ते चक्क रागावले. "गाडी पडली तर पाय सुटाय नगं?"

गिअर पडला की नाही हे कसं ओळखायचं, ते कुणी शिकवू शकलं नाही. तळवा नाही, त्यामुळे खालून काहीच कळत नाही. दाबाची खबर येते ती गुडघ्याच्या वाटीखाली, सॉकेट टेकतं तिथे. त्याच क्षणी इंजिनाचा आवाज बदलला तर गिअर पडलेला असतो. नुसताच दाब आला आणि आवाज तसाच राहिला, तर पुन्हा. दुपारपर्यंत उरलेला पाय थोडा आकसतो, सॉकेट सैल होतं आणि ही खबर उशिरा पोचते. तेव्हा गाडी बाजूला घेऊन एक जादा मोजा चढवावा लागतो.

बसायची बाजूही बदलली. आता मी उजव्या बाजूने बसते. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, त्यामुळे उजवीकडून सीट उंच होते आणि डावा पाय त्यावरून नेणं कठीण जातं. मग बांध, पायरी, देवळाचा कट्टा असं काही शोधून गाडी त्याच्याजवळ लावते. थांबताना उजवा पाय टेकवते. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे डाव्या कडेला थांबलं की उजवीकडची जमीन पायाला लवकर लागते. हे मला आपलं आपणच सापडलं आणि फार आनंद झाला.

कागदपत्रांनी मात्र मला जास्त गोंधळात टाकलं. मोटार वाहन कायदा, १९८८ मी पहिल्यांदाच वाचायला घेतला. कलम १६ मध्ये अपंगत्वाच्या कारणावरून लायसन्स रद्द करण्याची तरतूद आहे, ते वाचून पोटात गोळा आला. कलम ५२ गाडीत बदल करण्याविषयी. २०१९ च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीसाठी बनवलेल्या किंवा बदललेल्या वाहनाची व्याख्या आली, आणि ते वाहन केवळ त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरायचं, असं त्यात म्हटलं आहे. माझी गाडी रविवारी भाऊ चालवतो. नुसता गिअरचा दांडा बदललेली गाडी या व्याख्येत येते का? मामांनी वहीच्या पानावर काढून दिलेलं चित्र घेऊन मी मोटार वाहन निरीक्षकांकडे गेले. ते त्यांनी नीट पाहिलं. डॉक्टरांचं नमुना १-अ मधलं प्रमाणपत्र, अर्ज आणि गाडी घेऊन या, असं म्हणाले. "चालवून दाखवा, मग बोलू." मला हे योग्य वाटलं. पाय बघून निकाल देण्यापेक्षा चालवणं बघणं केव्हाही बरं.

तोवर सराव मैदानावरच चालू आहे, आणि घोडं अडलंय ते चढावर. चढावर थांबले की उजवा पाय जमिनीवर, म्हणजे मागचा ब्रेक सुटला. गाडी धरून ठेवायची पुढच्या ब्रेकने, तोही उजव्या हातात, आणि त्याच हाताने ॲक्सिलरेटरही द्यायचा. दोन बोटं ब्रेकवर, बाकीची मुठीवर. मैदानाच्या कडेच्या उतारावर हे कधी जमतं, कधी गाडी मागे घसरते. पन्हाळ्याच्या घाटात मागे उसाचा ट्रॅक्टर असेल तर?

शर्यती बघणाऱ्या माझ्या भाच्याने मला मिक डूहन या ऑस्ट्रेलियन शर्यतपटूबद्दल सांगितलं. १९९२ मध्ये ॲसनला त्याचा उजवा पाय असा जायबंदी झाला की तो कापायची वेळ आली होती. पाय वाचला, पण घोटा पूर्वीसारखा चालेना. मग मागचा ब्रेक डाव्या हँडलवर, अंगठ्याने दाबायच्या छोट्या लिव्हरवर आणला गेला. १९९४ ते १९९८ सलग पाच वेळा तो ५०० सीसी गटाचा जगज्जेता झाला. आज पाय धडधाकट असलेले शर्यतपटूही तसा ब्रेक आवडीने लावून घेतात. हे ऐकल्यावर मी तडक मामांकडे गेले. डावा हात क्लचला असतो हे खरं, पण अंगठा मोकळा असतो!

मामांना पटलं. माझी गाडी २०१९ च्या आधीची आहे, हे त्यांच्या मते चांगलंच झालं. नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, त्यामुळे जोडणी गुंतागुंतीची होते. माझ्या गाडीत पेडलपासून ड्रमपर्यंत एक साधी सळई आहे. तिच्या जोडीला केबल टाकायची आणि पेडलही तसंच ठेवायचं, असं ठरलंय. अंगठ्याच्या जोराने भरधाव गाडी थांबवायची नाही, चढावर उभी गाडी धरली तरी पुरे. लिव्हर किती लांब केली म्हणजे तेवढा जोर मिळेल, याचं गणित मामा पत्र्याचा एक तुकडा कापून हँडलला धरून बघतायत. केबल बसली की पुन्हा नवं चित्र काढून निरीक्षकांना दाखवायचं आहे.