उणे अठराचं अश्मयुग

आमच्या फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात सध्या अश्मयुग चालू आहे. खालच्या कप्प्यात शेतकरी राहतात: सोललेले मटार, पुरणाचा गोळा, मे महिन्यात काढून ठेवलेला आमरस. वर लेकीचं राज्य. खिमा, पायाचा रस्सा, कोंबडीचं सुकं, किसलेला फ्लॉवर, लाल भोपळ्याचं भरीत. प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी, तिच्यावर तिरक्या अक्षरात नाव, तारीख आणि अधूनमधून 'आजीने हात लावू नये' अशी सूचना. आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, हात लावतच नाहीत. दार उघडून बघतात, मान हलवतात आणि दार लावतात. त्या मान हलवण्यात वेंगुर्ल्याच्या सगळ्या पिढ्या असतात.

लेकीच्या या आहाराचं नाव पॅलिओ. शेती सुरू होऊन दहा-बारा हजार वर्षं झाली. त्याआधी लाखो वर्षं माणूस शिकार, मासे, कंद, फळं, पाला यांवर जगला. शरीर त्या अन्नावर घडलं, म्हणून शेतीच्या मागून आलेलं अन्न वर्ज्य, असा त्यामागचा हिशेब. 1985 साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर निबंध लिहिला, तेव्हा तो डॉक्टरमंडळींपुरता होता. 2002 मध्ये लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं आणि प्रकरण जिमपर्यंत पोचलं. तिथून आमच्या घरी.

धान्य नाही, डाळी नाहीत, दूध-दही नाही, साखर नाही. हे ऐकलं की आधी पोळी आणि भात डोळ्यांपुढे येतात. ते ताटातून उचलणं सोपं असतं. मराठी स्वयंपाकाला खरा घाव बसतो तो दाण्याच्या कुटावर. शेंगदाणा कडधान्याच्या कुळातला, म्हणून बाद. कूट गेला की भेंडी, काकडी, भरली वांगी, सगळ्यांचा आधार जातो. भरतातलं दही गेलं. चिमूटभर गूळ गेला. एकदा लेकीने हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि त्यात गव्हाचं पीठ निघालं; तेव्हापासून तिच्या फोडणीत हिंगही नसतो. उरलं काय, तर ओलं खोबरं, कोकम, आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर आणि खोबरेल. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडचंच की. फक्त भात काढून घेतला."

तात्त्विक बाजूने पाहिलं तर हा आहार ठिकठिकाणी गळतो, हे मी लेकीला सांगून बसले आहे. गॅलिली सरोवराकाठच्या ओहालो इथे 23,000 वर्षांपूर्वीच्या दगडावर रानटी सातूचं पिष्ट सापडलं. जॉर्डनमधल्या शुबायका इथे चुलीत भाकरीचे जळके तुकडे मिळाले, ते 14,400 वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीचे. दाणे वेचायचे आणि भाकरी भाजायची खोड जुनी आहे. उलट तिच्या खिम्यात पडणारी मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही अमेरिकेची पिकं. पोर्तुगीज येण्याआधी आपल्याकडच्या राजालाही ठाऊक नव्हती. इथलं अस्सल अश्मयुगीन जेवण हवं असेल तर जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण्याला जावं लागेल. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आहेत, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचे. कवचाचे मणी झाले म्हणजे आतलं कुणीतरी खाल्लंच असणार, हा माझा गृहिणीचा तर्क. शहामृगाच्या अंड्याचं ऑम्लेट एवढा एकच पदार्थ लेकीच्या यादीत अजून आलेला नाही.

तरीही दर रविवारी मी पदर खोचून तिच्यासोबत उभी राहते. एक तर यानिमित्ताने ती घरचं जेवते. रात्री उशिरा हिंजवडीहून परतणारी मुलगी भुकेच्या तोंडी मोबाइलवरून काय मागवेल याचा नेम नसतो. डबा तयार असला तर तो गरम होतो. दुसरं म्हणजे आमच्या घरात इतका पालक, इतका दुधी आणि इतकं सुरण पूर्वी कधी आलं नव्हतं.

रविवारचा क्रम ठरलेला. सकाळी लवकर जाऊन खिमा समोर काढून घ्यायचा. पाये आधी धुऊन, उकळी आणून ते पाणी फेकायचं, मग मिरी, आलं आणि कांदा घालून कुकरमध्ये तासभर आणि नंतर मंद आचेवर. हाडांतलं सत्त्व उतरलं की हा रस्सा गार झाल्यावर थरथरत घट्ट होतो. तसा झाला नाही तर त्या दिवशी आमच्या दोघींचा अपमान झाल्यासारखं वाटतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदम मोठं करायचं. त्यात लवंग आणि मिरी हात आखडून घालायची, कारण गोठवलेल्या रश्शात ती जास्त बोलतात. मीठ मात्र दबतं, ते गरम करताना पुन्हा चाखावं लागतं. नारळाचं दूध आधी घातलं तर वितळताना फाटतं, म्हणून ते ऐन वेळी. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग गोठवला की रबर होतो. कोथिंबीर काळी पडते. काकडीचं नाव काढू नये. फ्लॉवर किसून, कोरडा परतून, पिशव्यांत पातळ थापून ठेवला की त्या पिशव्या कपाटातल्या पुस्तकांसारख्या उभ्या राहतात, आणि हव्या त्या दिवशी हवा तो खंड उपसता येतो. हा तिचा भात. डोळे मिटून खाल्ला तरी भात लागत नाही, पण खिम्याखाली शोभतो.

सगळ्यात महत्त्वाचं काम निववण्याचं. गरम पातेलं तसंच आत ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि कोमटपणा हा जंतूंचा श्रावण. म्हणून खिमा परातीत पसरून पंख्याखाली ठेवायचा आणि दोन तासांच्या आत डबे आत गेले पाहिजेत. डबे लहान आणि पसरट. काठोकाठ भरायचे नाहीत, कारण पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं आणि झाकणं उडतात. उणे अठरा अंशाला जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात; म्हणून वितळवायचं तेही ओट्यावर नाही, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या भागात. पुण्यात गुरुवारी वीज गेली की लेक ऑफिसातून फोन करते, "आई, दार उघडू नकोस." गच्च भरलेला फ्रीजर बंद राहिला तर दोन दिवस तग धरतो. पण सांगणाऱ्यालाच धीर नसतो.

ही सगळी विद्या ज्याच्यामुळे घराघरांत आली तो क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन 1912 च्या सुमारास लॅब्राडोरला गेला होता. तिथले इन्युइट लोक मासा बर्फातून काढत आणि उणे चाळीसच्या वाऱ्यात तो हातातच गोठे. महिन्यांनी शिजवला तरी ताजा लागे. त्याच्या लक्षात आलं की गोठणं जितकं झपाट्याने तितके बर्फाचे कण बारीक. सावकाश गोठलं तर कण मोठे होतात, पेशी फाडतात आणि वितळल्यावर ताटात पाणी सुटतं. त्यावर त्याने यंत्रं बांधली, आणि 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचे गोठवलेले मासे, मांस, मटार विकायला आले. म्हणजे परातीवरच्या आमच्या पंख्याला लॅब्राडोरच्या वाऱ्याचं काम करायचं असतं. बिचारा जमेल तेवढं करतो.

सासूबाईंचा आक्षेप मात्र विज्ञानाला धरून नाही. शिळं ते शिळं. गीतेच्या सतराव्या अध्यायात रात्र उलटलेलं अन्न तामसी लोकांच्या आवडीचं म्हटलं आहे, ते त्यांना पाठ आहे. पण याच बाई फोडणीच्या पोळीसाठी मुद्दाम दोन पोळ्या जास्त लाटायला लावतात. त्यांची मावशी पेडण्याची. तिच्याकडे आदल्या दिवशीची माशाची कढी सकाळी पुन्हा आटवून घट्ट करत. गोव्यात तिला काल्लची कोडी म्हणतात आणि तिच्यासाठी घरात भांडणं होतात. "ते वेगळं," सासूबाई म्हणतात. "ती रात्रभर मुरते. हे तुमचं गोठतं." यावर माझ्याकडे उत्तर नाही. मुरणं आणि गोठणं यांत फरक आहेच. कढी रात्रभर काहीतरी करत असते, डब्यातला खिमा काहीच करत नाही.

मला स्वतःला मिरची-टोमॅटोपेक्षा या डब्यांचीच गंमत वाटते. साठवणं हे शेतकऱ्याचं काम. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने तिथे खोदलं आणि इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. घराघरात पेवं, मोठे रांजण. पाच खोल्यांच्या एका घराशेजारी कोठार. त्या घरात गावचा मुखिया राहत असावा असं उत्खनन करणारे मानतात, आणि कोठार कुणाच्या दाराशी होतं हे पाहिल्यावर ते पटतं. पुढे पाऊस रोडावला, मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि माणसं पुन्हा शिकारीकडे व मेंढरांकडे वळली, असं उत्खनन करणाऱ्यांपैकीच एक पुरातत्त्वज्ञ ढवळीकर यांनी मांडलं आहे. दुष्काळात शेतकऱ्याचा शिकारी होतो, हे समजू शकतं. आमची लेक भर सुकाळात शिकारी झाली आहे, आणि शिकाऱ्याचं अन्न कणगीत भरून त्यावर तारखा घालते.

शिकारी साठवत नसत असं नाही. इन्युइटांना तर सगळी सृष्टीच शीतपेटी होती. पण उष्ण मुलखात मांस टिकणार किती? टांझानियात इयासी सरोवराच्या भोवती हाडझा लोकांपैकी काही जण अजून मध, कंद, बोरं आणि शिकार यांवर जगतात. मोठं जनावर मिळालं की ते तळावरच्या सगळ्यांत वाटलं जातं. आज माझा बाण लागला, उद्या तुझा लागेल. जेम्स वुडबर्न या मानवशास्त्रज्ञाने 1982 च्या निबंधात दाखवलं की असं हातचं हाती खाणाऱ्या लोकांत कुणी कुणावर हुकूम चालवू शकत नाही. ज्याच्याकडे कोठार नाही त्याच्या दाराशी कोण उभं राहणार?

आमच्याकडे फ्रीज आला तेव्हा बर्फाचा कप्पा वीतभर होता. जास्तीचा रस्सा झाला की वाटी शेजारी जायची. वाटी कधी रिकामी परत आली नाही. काही नसलं तर साखर घालून यायची. आता रस्सा जास्त झाला की आणखी एक डबा शोधला जातो. कुणी दुष्ट झालेलं नाही. नाइलाज संपला, एवढंच. पॅलिओच्या पुस्तकांत काय खावं याची एवढी चर्चा असते, पण खिम्याचा अर्धा वाटा तिसऱ्या मजल्यावर पोचवावा, हा त्या युगाचा मुख्य नियम कुणी पाळायला सांगत नाही. अर्थात तिसऱ्या मजल्यावरचे शाकाहारी आहेत.

मागच्या ऋषिपंचमीला मात्र घरात अनपेक्षित युती झाली. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून नांगरटीचं धान्य बाद; अळू, माठ, सुरण, भोपळा, शिराळी, पडवळ, भेंडी, सगळं एकाच पातेल्यात, तेलाशिवाय, वर ओलं खोबरं. लेक पातेल्यात डोकावली आणि ओरडलीच, "आजी, हे तर पॅलिओ!" सासूबाई म्हणाल्या, "असेल गो. आम्ही त्याला उपास म्हणतो." लेकीने लगेच डबे काढले. पंधरा दिवसांची सोय होत होती. सासूबाईंनी ते डबे घेतले, भाजीने भरले आणि तिसरा मजला, समोरचं बिऱ्हाड, वॉचमनची बायको, अशी नावं घेत तिच्याच हातात परत दिले. ती जिने चढून-उतरून आली तेव्हा पातेल्यात एका माणसापुरतं उरलं होतं. ते वाढून घेतल्यावर तिला त्यात कणसाचे तुकडे दिसले. मका म्हणजे धान्य, आणि तोही अमेरिकेचा; ऋषींच्या भाजीत तो कोणी घातला कोण जाणे. तिने ते वेचून ताटाच्या कडेला ठेवले, आणि मी उचलून खाल्ले.