शेंगापोळी, गूळ आणि माझी आई

संक्रांत जवळ आली, गड्ड्याची गर्दी वाढू लागली, की माझ्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, साखर बंद आहे, पण गुळाची शेंगापोळी चालते ना?"

गुळाची आहे म्हणून चालते, असं नाही. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तेवढ्याच गुळात साधारण ३८०. थोडी खनिजं जास्त, एवढंच. पोळीची जमेची बाजू आहे ती दाण्यांत. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यांच्यामुळे आणि दाण्यांतल्या तेलामुळे साखर जरा सावकाश चढते. वेलदोडा-जायफळ चवीपुरतं. २० ग्रॅम कूट, २० ग्रॅम गूळ, २० ग्रॅम कणीक आणि वर चमचाभर तूप धरलं, तर एक पोळी ३०० कॅलरींच्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ दीड भाकरी. आणि एकीवर थांबतो कोण!

एका पेशंटच्या मुलीने जर्मनीहून नाताळचा लेबकुखन आणला होता. मध, सुकामेवा, दालचिनी, लवंग. न्यूर्नबर्गच्या उत्तम प्रतीच्या लेबकुखनमध्ये पीठ १० टक्क्यांहून जास्त चालत नाही आणि सुकामेवा किमान २५ टक्के लागतो. थंडीतला सण, तोच हिशोब. तिथेही मध "नैसर्गिक" म्हणून सुटत नाही.

हे सगळं मला पाठ होतं, म्हणूनच काही वर्षांपूर्वी मी आईला सांगितलं, "पोळी बंद म्हणजे बंद." तिने दुपारी गुपचूप अर्धी खाल्ली. मग मनाला टोचणी लागली म्हणून रात्री जेवलीच नाही. गोळी मात्र घेतली. ती गोळी इन्सुलिन वाढवणारी. पहाटे आई घामाने चिंब, बोलणं असंबद्ध. ग्लुकोमीटरवर ४६. ती गिळू शकत होती म्हणून साखरपाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी तिने मला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली, "डबा तू उघडलास का रे?"

चूक माझी होती. बंदी घातली, पण जेवण चुकवलं तर काय होतं, हे तिला सांगितलंच नव्हतं.

आता संक्रांतीला दुपारच्या जेवणात एक भाकरी कमी, त्या जागी अर्धी पोळी, सोबत वांग्याची भाजी आणि ताक. गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही. दोन तासांनी मी तिची साखर तपासतो. यंदा तिने यंत्र माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "आधी तुझी बघ. तू दोन खाल्ल्यास."